बदलून टाकलेले खांब, तारा, टी.सी. (ट्रान्सफॉर्मर) आणि मीटर: मागे राहिलेले जुने साहित्य कोणाची जबाबदारी? बेळगाव सीमाभागातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहराच्या उपनगरांत, खानापूर तालुक्यातील भाताच्या शिवारात किंवा चिकोडी-निपाणीकडच्या उसाच्या पट्ट्यात नव्या सिमेंटच्या खांबाशेजारी वाकलेला जुना खांब उभा असल्याचे वारंवार दिसते. नवी लाईन सुरू झाली की काम झाले असे सगळेच धरून चालतात आणि जुने साहित्य कोणी न्यायचे हा प्रश्न ज्याच्या दारात किंवा बांधावर ते पडले आहे त्याच्याच गळ्यात येऊन पडतो. आमच्या मते जुना खांब उचलून जागा पूर्ववत झाल्याशिवाय खांब बदलण्याचे काम पूर्ण झाले असे कोणत्याही अधिकाऱ्याने लिहून देता कामा नये. या विषयावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

नवा खांब बसला, जुना तसाच उभा आहे. आता तो कोणाच्या मालकीचा?

ज्या वीज वितरण संस्थेने तो उभा केला, तिच्याच मालकीचा. खांब वापरातून गेला म्हणून तो जागेच्या मालकाचा होत नाही, ग्रामपंचायतीचा होत नाही आणि बेवारसही होत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या बहुतेक भागात वीज वितरणाचे काम हेस्कॉमकडे, म्हणजे हुबळी वीज पुरवठा कंपनीकडे आहे. हुक्केरी तालुक्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे १९६९ साली स्थापन झालेली ग्रामीण विद्युत सहकारी संस्था वीज वितरण करते, त्यामुळे त्या भागातील ग्राहकांनी आपला अर्ज प्रथम तिच्याकडे द्यावा.

"हा खांब केईबीच्या काळातला आहे, आमच्या नोंदीत नाही," असे उत्तर काही वेळा ऐकायला मिळते. ते ग्राह्य धरण्याचे कारण नाही. केईबीचे, म्हणजे कर्नाटक वीज मंडळाचे, काम १९९९ साली केपीटीसीएल या राज्याच्या वीज वहन कंपनीकडे आणि त्यातील वितरणाचे काम २००२ साली हेस्कॉमसारख्या कंपन्यांकडे सोपवले गेले, तेव्हा खांब, तारा आणि त्यांच्यासोबतची जबाबदारीही नव्या कंपन्यांकडे आली. खांबाचे वय काहीही असो, आज त्या भागात वीज वितरणाचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच दाद मागावयाची.

मग तो महिनोन्महिने तसाच का राहतो?

याची कारणे समजून घेतली तर अर्ज नेमका कोणाकडे करायचा हे आपोआप कळते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

पहिले कारण ठेकेदाराचे. लाईन बदलण्याच्या अंदाजपत्रकात नवे साहित्य बसवण्याबरोबरच जुने साहित्य उतरवून ते कंपनीच्या भांडारात जमा करण्याची बाबही सामान्यतः धरलेली असते. परंतु नवी लाईन चालू झाली की लोकांची ओरड थांबते आणि क्रेन घेऊन पुन्हा त्याच गावात येण्यात ठेकेदाराला फारसा फायदा उरत नाही. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने जमा-पावती पाहिल्याशिवाय देयक पुढे पाठवले नाही, तर हा प्रकार बऱ्याच अंशी थांबेल.

दुसरे कारण अधिक चिवट आहे. जुन्या खांबावर विजेच्या तारांखेरीज इतरही पुष्कळ काही लटकलेले असते: केबल टीव्हीची वायर, खासगी इंटरनेट कंपन्यांच्या फायबर केबल, एखाद्या घराची न बदललेली सर्व्हिस वायर, पंचायतीचा पथदिवा. वीज कंपनीच्या तारा नव्या खांबावर गेल्या, तरी या इतर तारांच्या मालकांनी आपापल्या तारा हलवल्याशिवाय जुना खांब उतरवता येत नाही. केबलवाला म्हणतो की खांब वीज कंपनीचा आहे, वीज कंपनी म्हणते की केबलवाल्याने वायर काढलेली नाही, आणि पंचायत दोघांकडे बोट दाखवते. अशा वेळी अर्जदाराने खांबाखाली उभे राहून वर नेमके काय काय लटकले आहे हे नीट पाहावे, त्याचे फोटो काढावेत आणि प्रत्येक तारेच्या मालकाचे नाव अर्जात लिहावे. "खांब काढा" एवढाच अर्ज केला तर तो फिरत राहतो. "खांबावर फक्त केबल टीव्हीची एक वायर उरली आहे, ती हलवून खांब काढावा" असा अर्ज केला तर काम कोठे अडले आहे हे कागदावर येते.

माझ्या शेतात पडलेला जुना खांब मी ओढ्यावर साकव म्हणून टाकला, तर चालेल का?

चालणार नाही. गावोगाव जुने खांब गोठ्याच्या छपराला आणि कुंपणाला लावलेले दिसतात हे खरे, परंतु वीज कायदा २००३ च्या कलम १३६ नुसार परवानाधारकाच्या संमतीशिवाय विजेचे खांब, तारा किंवा इतर साहित्य कापणे, हलवणे, नेणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यातून नफा मिळवण्याचा हेतू नव्हता, हा बचाव तेथे चालत नाही. कोणी लाईनमन तोंडी "घेऊन जा" म्हणाला, तर त्याचे ते बोलणे संमती ठरत नाही. साहित्य हवेच असेल तर शाखा कार्यालयाकडे लेखी मागणी करावी आणि लेखी उत्तर येईपर्यंत हात लावू नये. शेतकऱ्याच्या अंगावर अकारण गुन्हा येऊ नये, ही आमची कळकळ आहे.

खांब जमिनीलगत कापून नेला, पण खालचा भाग जमिनीतच ठेवला. याला काही उपाय आहे का?

आहे, आणि शेतकऱ्याने तो जरूर करावा. खांबाच्या लांबीच्या साधारण एक षष्ठांश भाग जमिनीत पुरलेला असतो. म्हणजे नऊ मीटरचा खांब असेल तर सुमारे दीड मीटर काँक्रीट खाली राहते. वरचा भाग तोडताना कामगार बहुधा जमिनीपासून वीतभर वर तोडतात, कारण तेथे हत्यार चालवायला सोपे जाते. मग मोडक्या काँक्रीटमधून लोखंडी तारांची टोके वर आलेली दिसतात. लावणीच्या वेळी हा बुंधा डोळ्यांना दिसतो, पण ऊस कमरेच्या वर गेला की पूर्ण झाकला जातो. तोडणीला आलेल्या माणसाच्या पायाला तो लागतो आणि पुढच्या मशागतीत ट्रॅक्टरच्या नांगराचा फाळ किंवा रोटाव्हेटरची पाती त्यावर आदळून मोडतात.

वीज कायद्याच्या कलम ६७ मध्ये परवानाधारकाने काम करताना शक्य तितके कमी नुकसान आणि गैरसोय करावी आणि जे नुकसान होईल त्याची पूर्ण भरपाई द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याने नेमलेल्या माणसांकडून, म्हणजे ठेकेदाराकडून, झालेले नुकसानही यात येते. म्हणून बुंधा दिसताच प्रथम तो काढण्याचा अर्ज करावा आणि त्याची पोच ठेवावी. नंतर अवजार मोडलेच, तर तलाठ्याकडून पंचनामा, दुरुस्तीचे बिल आणि आधीच्या अर्जाची पोच असे तिन्ही कागद एकत्र जोडावेत. आधी अर्ज केलेला असेल तर कंपनीला धोका माहीत होता हे सिद्ध होते आणि भरपाईची मागणी बळकट होते. तोपर्यंत बुंध्याशेजारी उंच काठी रोवून तिला रंगीत कापड बांधावे, म्हणजे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवाल्यालाही तो कळेल.

जुना खांब काढण्यासाठी कार्यालयाने मलाच पैसे भरायला सांगितले. हे बरोबर आहे का?

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. घराच्या बांधकामात किंवा वाटेत येणारा चालू खांब आपल्या सोयीसाठी दुसरीकडे न्यायचा असेल, तर ते स्थलांतर झाले आणि त्याचा खर्च सामान्यतः अर्जदाराला भरावा लागतो. कंपनीने स्वतःच्या कामासाठी खांब बदलला असेल, तर मागे राहिलेला जुना खांब नेणे हा त्याच कामाचा शेवटचा टप्पा आहे आणि त्यासाठी जागेच्या मालकाकडून पैसे मागण्याचे कारण नाही. अनेकांचा अर्ज "खांब स्थलांतर करण्याबाबत" अशा विषयाने सुरू होतो आणि तेथेच फसतो, कारण कारकून तो स्थलांतराच्या फाईलमध्ये टाकतो. "वापरातून काढलेला जुना खांब उतरवून नेण्याबाबत" असा विषय लिहावा आणि खाली नवा खांब कधी बसला ते लिहावे.

खासगी जमिनीवरील कामाबद्दल २००६ च्या केंद्रीय नियमांत आणखी एक तरतूद आहे: जमिनीवर उभारलेला आधार किंवा ताण (खांबाला तोलून धरणारी तिरपी तार) हटवावा किंवा बदलावा, यासाठी मालकाने पुरेसे कारण दाखवल्यास जिल्हाधिकारी तसा लेखी आदेश देऊ शकतात. शाखा कार्यालयात दाद लागली नाही, तर हा मार्ग उपयोगी पडतो.

टी.सी. जळाला, नवा बसवला आणि जुना बांधावर ठेवून गेले. तो चोरीला गेला तर आमच्यावर येईल का?

केवळ तुमच्या बांधावर होता म्हणून येणार नाही, परंतु संशयाचा त्रास टाळायचा असेल तर जुना टी.सी. खाली ठेवला त्याच दिवशी शाखाधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि त्याच्या पट्टीवरील क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवावा. टी.सी.मधील तेल आणि आतील धातूची वेटोळी यांवर चोरांचा डोळा असतो. झाकण उघडलेला टी.सी. दिसला, तर गावकऱ्यांनी स्वतः उचलाउचल न करता प्रथम पोलिसांना व कंपनीला कळवावे.

तेलाबद्दल मात्र आम्हाला जास्त काळजी वाटते. फुटक्या टाकीतून गळणारे तेल पावसाच्या पाण्याबरोबर थेट विहिरीकडे किंवा भाताच्या खाचरात जाते. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते, म्हणजे त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टी.सी.च्या मालकाचीच आहे. फार जुन्या टी.सी.च्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायने असू शकतात. त्यांच्या वापरावर केंद्र सरकारने २०१६ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत घातली होती. हे तेल बैलगाडीच्या चाकाला, दाराच्या बिजागरीला किंवा दुखऱ्या गुडघ्याला लावण्याची जुनी सवय काही गावांत अजून आहे. ती ताबडतोब सोडावी, आणि गळती दिसल्यास अर्जात "तेल गळत आहे" हे शब्द ठळक लिहावेत.

जुने चकतीचे मीटर काढून घरातच ठेवले आहे. त्याचे काय करावे?

मीटर साधारणपणे परवानाधारकाच्या मालकीचे असते. ग्राहकाने स्वतः विकत घेतलेले असेल तरच ते त्याचे. त्यामुळे ते भंगारात देऊ नये आणि सील तोडू नये. मीटर बदलताना जुन्या मीटरचा शेवटचा आकडा, सीलची स्थिती आणि आपला आर.आर. नंबर (वीज जोडणीचा क्रमांक) यांची लेखी नोंद मागून घ्यावी, शक्यतो आकडा दिसेल असा फोटोही काढावा. पुढे थकबाकीचा किंवा सील तोडल्याचा आरोप झाला, तर हाच कागद कामास येतो. कंपनीला आपले मीटर व तारा काढून नेण्यासाठी घरात येण्याचा अधिकार कलम १६३ ने दिला आहे. हा अधिकार असल्यामुळे "ग्राहकाने मीटर आणून दिले नाही" ही सबब टिकत नाही.

जुनी तार बंद आहे की चालू, हे कसे ओळखावे?

ओळखण्याचा प्रयत्नच करू नये. बंद म्हणून सोडलेल्या तारेत शेजारच्या घरातील जनरेटर किंवा इन्व्हर्टरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो, शेजारच्या चालू लाईनचा स्पर्श होऊ शकतो, किंवा ती मुळात बंद केलेलीच नसते. तार मेली आहे असे सांगण्याचा अधिकार एल.सी. (लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद केल्याची परवानगी) घेऊन काम करणाऱ्या लाईनमनलाच आहे. लोंबकळणारी तार, सुटलेला ताण किंवा वाकलेला खांब दिसला तर १९१२ या क्रमांकावर कळवावे, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि जनावरे त्या बाजूला सोडू नयेत. केंद्रीय सुरक्षा नियमांनुसार रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची तार ६.१ मीटर उंच असावी लागते. उसाची भरलेली ट्रॉली जाताना तार लागण्याची भीती वाटत असेल, तर अर्जात या आकड्यांचा उल्लेख करावा.

टेलिफोनचे जुने लोखंडी खांब आणि तुटक्या वायरी कोणाच्या?

लँडलाईनच्या काळातील खांब दूरसंचार खात्याने उभारले असल्याने ते २००० साली स्थापन झालेल्या बीएसएनएलकडे आले आहेत. खासगी फायबरचे खांब त्या त्या कंपनीचे. जुन्या तार कायद्यापासून चालत आलेले तत्त्व असे, की दूरसंचार संस्थेला जमिनीवर फक्त वापराचा हक्क मिळतो, जमिनीची मालकी मिळत नाही. त्यामुळे वापर संपला की खांब हलवण्याची मागणी जागेचा मालक करू शकतो.

पथदिव्यांचे जुने दिवे आणि खोकी?

ती महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची. गावात पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे), शहरात पालिकेकडे अर्ज द्यावा. विजेचा खांब आणि त्यावरचा दिवा यांचे मालक अनेकदा वेगळे असतात, एवढे लक्षात ठेवावे.

नवी जलवाहिनी आली, पण जुनी जमिनीतच आहे. ती काढायला लावता येते का?

प्रत्येक वेळी नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. राकसकोप आणि हिडकलचे पाणी बेळगाव शहरात पोहोचवणाऱ्या वितरण व्यवस्थेत नव्या वाहिन्या टाकताना जुन्या वाहिन्या बऱ्याचदा खाली ठेवल्या जातात, कारण त्या खणून काढायच्या तर पुन्हा सगळा रस्ता उखडावा लागतो. प्रश्न ती बंद कशी केली याचा आहे. दोन्ही टोके नीट बुजवली नसतील, तर जुन्या वाहिनीत गटाराचे पाणी शिरते आणि चुकून राहिलेल्या एखाद्या जोडातून ते नळाला येऊ शकते. नव्या नळाला दुर्गंधी किंवा गढूळपणा आला तर जुनी जोडणी तोडली आहे का, याची लेखी विचारणा करावी. रस्त्यात उघडी राहिलेली जुन्या व्हॉल्व्हची चेंबर हा त्याहून तातडीचा विषय आहे; पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या अशा खड्ड्यात दुचाकीचे चाक अडकते, म्हणून तक्रारीत जवळच्या दुकानाची किंवा देवळाची खूण द्यावी.

रस्ता रुंद झाला आणि जुना खांब मधोमध आला. आता कोणाला विचारायचे?

दोघांना. रस्ता रुंदीकरणात खांब हलवण्याचा खर्च सामान्यतः रस्ता करणाऱ्या यंत्रणेच्या अंदाजपत्रकात असतो आणि काम वीज कंपनीच्या देखरेखीखाली होते. पुणे–बेंगळूरू महामार्ग ४८ किंवा बेळगाव–खानापूर–गोवा मार्ग ७४८ असेल तर महामार्ग प्राधिकरणाला, राज्याचा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याला आणि दोन्ही वेळा वीज कंपनीला एकच अर्ज प्रती जोडून द्यावा. खांब हटण्यापूर्वी रस्ता वाहतुकीला खुला केला असेल, तर रस्त्याच्या यंत्रणेलाही हात झटकता येणार नाहीत.

जुन्या तारेमुळे अपघात झाला तर?

प्रथम जखमीचे उपचार, मग पोलीस ठाण्यात नोंद आणि विद्युत निरीक्षकाला लेखी माहिती. अपघाताची सूचना देणे कलम १६१ नुसार परवानाधारकावर बंधनकारक आहे, परंतु कुटुंबाने स्वतःही कळवावे. मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने, रस्त्यावर पडलेल्या चालू तारेमुळे झालेल्या मृत्यूसाठी वीज पुरवणारी संस्था जबाबदार आहे आणि दुसऱ्या कोणी तार चोरून ओढली होती असे सांगून ती सुटू शकत नाही, असे ठरवले. म्हणून जुन्या तारेत वीज होती का, ही बाब पंचनाम्यात यायलाच हवी. तार हलवण्याआधी फोटो काढून ठेवावेत.

अर्ज मराठीत दिला तर चालतो का, आणि उत्तरच आले नाही तर पुढे काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणाही व्यक्तीला आपल्या तक्रारीचे निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे, म्हणून केवळ मराठीत आहे या कारणाने अर्ज परत करता येत नाही. तरीही काम लवकर व्हावे म्हणून मराठी अर्जासोबत कन्नडमध्ये चार ओळींचा सारांश जोडावा, असा आमचा सल्ला आहे. शाखाधिकारी आणि लाईनमन यांना खांबाचे ठिकाण, आर.आर. नंबर आणि धोका काय आहे हे एका नजरेत कळले, की अर्ज टेबलावर पडून राहण्याचे एक कारण कमी होते. आपला हक्कही राहतो आणि काम करणाऱ्या माणसाची सोयही होते.

अर्ज शाखा कार्यालयात देऊन शिक्क्याची पोच घ्यावी. उत्तर न आल्यास उपविभागाच्या सहाय्यक कार्यकारी अभियंत्याकडे, त्यानंतर विद्युत अदालतीत किंवा कलम ४२ खालील ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. यासोबत माहिती अधिकाराचा अर्ज करून त्या कामाचे अंदाजपत्रक, ठेकेदाराच्या देयकाची प्रत आणि जुने साहित्य भांडारात जमा केल्याची पावती मागावी. तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. खांब जमा झाल्याची पावती कागदावर निघाली आणि प्रत्यक्षात खांब अजून तुमच्या बांधावरच असेल, तर ती पावती आणि त्याच दिवशी काढलेला फोटो कार्यकारी अभियंत्याकडे एकत्र सादर करावा.